संस्थानिकांची म्हणून आलेली गाडी

गाडी शेवरोलेट. आरसी बुकात साल लिहिलं होतं १९२६. घरातली समजूत अशी की, गाडी थेट अमेरिकेहून एका संस्थानिकांनी मागवलेली. आणि बॉनेट उघडलं तर आत सहा सिलिंडरचं इंजिन! विसाच्या दशकात बहुतेक काळ शेवरोलेटकडे चारच सिलिंडरचं इंजिन होतं. अगदी १९२८ची ‘नॅशनल’सुद्धा चारचीच. सहाचं आलं ते १९२९च्या मॉडेलला, ‘चारच्या किमतीत सहा’ अशी जाहिरात करत. म्हणजे बुक तरी चुकलं होतं, नाहीतर इंजिन तरी मागाहून बसवलेलं होतं. यातलं खरं काय ते शोधायला मला बोलावलं होतं.

मी जुन्या गाड्यांचे कागद जुळवतो. आधी विम्याच्या सर्व्हेची कामं करायचो, त्यातून हे लागलं. अशा कामांना मागणी वाढली ती २०२१च्या नियमांनंतर. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली गाडी आता ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. आधीच नोंदवलेल्या गाडीचा जुना नंबर राहतो, नव्याने नोंदवलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. गाडी रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला न्यायची. धंद्याला लावायची नाही. यातली खरी मेख मात्र वेगळीच आहे. गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. नव्वदी पार केलेल्या गाडीचं मूळ स्वरूप काय होतं, हे सांगायला कोण जिवंत असतं? म्हणून मग कागद.

प्रभात रोडवरच्या बंगल्यामागे पत्र्याच्या शेडमध्ये गाडी उभी होती. कापडी टपाची टूरर, मूळचा रंग कुठला ते ओळखू येऊ नये इतक्या वेळा रंगवलेली. मालकीणबाई साठीच्या, निवृत्त प्राध्यापिका. गाडी त्यांच्या आजेसासऱ्यांनी पन्नासच्या सुमारास घेतलेली. बाईंना ती घरात राहायला हवी होती. त्यांच्या दिरांना ती विकायची होती, आणि गिऱ्हाईकही दिल्लीचं मिळालं होतं. ‘संस्थानिकांची’ या एका शब्दावर किंमत दुपटीने वाढते, हे भाऊजींनी मला पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं. मला त्यात नवल वाटलं नाही. आपल्याकडे जुन्या गाडीच्या मागे राजा नसला तर तिला कुणी विचारत नाही. निम्म्या गाड्या ‘महाराजांच्या’ आणि उरलेल्या ‘गव्हर्नरच्या’ असतात. डॉक्टरची, वकिलाची, धान्याच्या अडत्याची गाडी कुणाला आठवतच नाही.

“हे बघा ना,” भाऊजी मला मागच्या बाजूला घेऊन गेले. बॉडीच्या खाली चासीला दोन जाड लोखंडी कंस बोल्ट केलेले होते. दारांखालच्या दोन्ही पायफळ्यांवर भोकांच्या रांगा. “इथे भालदार उभे राहायचे. मागे दोघं, बाजूला दोघं.”

नाना पेठेतले मिस्त्री माझ्याबरोबर होते. त्यांनी कंसावरून बोट फिरवलं, वर पाहिलं, आणि फक्त “बरं” म्हणाले. हा माणूस बरं म्हणाला की समजावं, त्याला पटलेलं नाही.

आधी इंजिन. डिस्ट्रिब्युटरच्या मागे ठोकलेला नंबर तेलाच्या राबाखाली दिसेना. रॉकेलचा बोळा फिरवून, वर कागद धरून पेन्सिल घासली. आरटीओत चासी प्रिंट घेतात तसाच. सँडपेपर लावायचा नाही, एक आकडा घासला गेला की गाडीची ओळखच जाते. मग ब्लॉकच्या ओतकामावरची तारीख. जनरल मोटर्सची पद्धत सोपी होती: महिन्याला अक्षर, जानेवारीचा ए, डिसेंबरचा एल, पुढे दिवस, शेवटी साल. इथे होतं ‘एल १८ ८’. अठरा डिसेंबर, अठ्ठावीस. शेवटचा आठ १९३८चाही असू शकतो, पण तोवर शेवरोलेटचं इंजिनच बदललं होतं. हे जुनं १९४ घनइंची होतं, ओतीव लोखंडाच्या पिस्टनवालं. चाकांच्या रिमा २० इंची. १९३०च्या मॉडेलला त्या १९ झाल्या. सगळी बोटं एकाच दिशेला. इंजिन १९२८च्या डिसेंबरात ओतलेलं, गाडी १९२९च्या मॉडेलची. नवं मॉडेल आधीच्या वर्षाच्या शेवटी बनायला लागतं, हे तेव्हाही तसंच होतं.

“म्हणजे सव्वीस नाही?” बाईंनी विचारलं.

“नाही. बुक पुन्हा बनवताना कारकुनाने अंदाजाने घातलं असावं.”

“आणि अमेरिकेहून थेट?” हे भाऊजी.

तेही अवघडच होतं. १९२८च्या आधी गाड्या जहाजाने अख्ख्या यायच्या. मुंबई, कलकत्ता, मद्रासच्या मोठ्या एजंटांकडे उतरायच्या आणि तिथून गावोगावच्या छोट्या विक्रेत्यांकडे जायच्या. १९२८ला जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. सुटे भाग खोक्यांतून आले, गाडी इथे उभी राहिली. पुढे फोर्डनेही तेच केलं, आणि पन्नासच्या दशकात सरकारने नुसत्या जुळणीला नकार दिल्यावर दोघांनीही गाशा गुंडाळला. १९२९ची उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली शेवरोलेट पुण्यात आहे म्हटल्यावर पहिला संशय शिवडीचाच.

डॅशबोर्डच्या खालच्या कडेला रंगाचा एक उंचवटा मिस्त्रींच्या नखाला लागला. पॉलिश काढायचा द्राव लावून हळूहळू थर उतरवले. करंगळीएवढी पितळी पट्टी निघाली. विक्रेत्याचं नाव आणि खाली ‘पूना’. पूर्वी बरेच दुकानदार अशी पट्टी लावून गाडी द्यायचे, बहुतेक गाड्यांवर ती रंगकामात हरवते.

त्या नावाचं दुकान मला माहीत होतं. म्हणजे जिथे होतं ती जागा. कॅम्पात, ईस्ट स्ट्रीटच्या आतल्या गल्लीत. खाली आता चपलांचं दुकान आहे. काचेच्या मागे गाड्या मांडायच्या त्या रुंद कमानी तेवढ्या शिल्लक आहेत. वरच्या मजल्यावर त्या घराण्यातले एक पारशी गृहस्थ राहतात, ऐंशीच्या पुढचे. मी फोन केला तेव्हा म्हणाले, “दोन वाजता ये. दीड वाजता नको, मी जेवतो.”

दोनला गेलो. त्यांनी आधी माझीच उलटतपासणी घेतली. कोणाची गाडी, कोण विकतंय, पैसे कोण देतंय. मग आतून एक लांबट, कातडी पाठीची वही आणली. डिलिव्हरी रजिस्टर. आयकराच्या कुठल्याशा जुन्या तंट्यासाठी त्यांच्या आजोबांनी जपून ठेवलेलं, आणि तंटा मिटल्यावर कुणी फेकलं नाही एवढंच.

“फोटो नाय काढायचा. मी वाचतो, तू लिही.”

ठीक. मी लिहायला बसलो. पण ते वाचत वाचत भलतीकडेच जायचे. हा अमका डॉक्टर, याने तीनदा रंग बदलून घेतला. हा रेसच्या मोसमापुरती गाडी घ्यायचा आणि मोसम संपला की तोट्यात परत विकायचा. पुण्याचा धंदा पावसाळ्यात चालायचा, कारण गव्हर्नर तेव्हा गणेशखिंडीला मुक्कामाला, पाठोपाठ सगळी मुंबई वर. गाडी मुंबईहून ड्रायव्हर चालवत आणायचा, बोरघाटात दर थोड्या वेळाने थांबून रेडिएटरला पाणी पाजत. नव्या इंजिनाला घाई करायची नाही, अशी आजोबांची ताकीद. घाटात ज्याने गाडी तापवली त्याची त्या खेपेची बक्षिशी कापायची. हे सगळं ऐकायला मला आवडत होतं, पण घड्याळ पुढे सरकत होतं आणि इंजिन नंबरच्या रकान्यापर्यंत आम्ही पोचत नव्हतो.

शेवटी मी पेन्सिलीचा ठसा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी भिंग घेतलं. १९२९च्या पावसाळ्याआधीच्या पानांवर बोट खाली खाली गेलं आणि थांबलं.

“आ तो छे.”

नंबर जुळला. एकेक आकडा. म्हणजे इंजिन कधीच बदललेलं नव्हतं. इतक्या जुन्या गाडीत हे सहसा मिळत नाही. बॉडी: टूरर. कुठून आली: शिवडी. रंग: निळा, काळे मडगार्ड. गिऱ्हाईक: साताऱ्याचे एक गृहस्थ. आडनावावरून तरी संस्थानाशी काही संबंध वाटेना. व्यवहार: हप्त्यांवर. आणि शेवटच्या रकान्यात, बारीक अक्षरात, जास्तीच्या कामांची यादी. मागच्या स्प्रिंगांना एकेक जादा पाटा. मागे सामानाचा कॅरिअर. पायफळ्यांवर पेट्रोलच्या डब्यांच्या चौकटी. मागे जादा बाकडं. आणि त्यापुढे दोन शब्द: ‘सातारा सर्व्हिस’.

मला हसूच आलं. म्हाताऱ्यांनी भिंगातून माझ्याकडे पाहिलं.

एसटीची पहिली गाडी पुणे–अहमदनगर सुटली ती १ जून १९४८ला. त्याआधी गावोगाव जायचं तर या खाजगी सर्व्हिस मोटरी. पाच जणांच्या टूररमध्ये आठ-नऊ माणसं, त्यांच्या वळकट्या, कोंबड्या, गुळाच्या ढेपी. टप कापडाचा, म्हणून वर सामान ठेवता येत नाही, सगळा बोजा मागे. कात्रजचा चढ, मग पुढे खंबाटकी. स्प्रिंगला जादा पाटा घातला नाही तर पहिल्याच महिन्यात ती बसणार. दोन गॅलनचे पेट्रोलचे डबे बाजूला बांधायचे, वाटेत पंप कुठला असायला? भालदार उभे राहायच्या त्या भोकांमध्ये डब्यांच्या चौकटी बसत होत्या.

कंसांचा उलगडा मात्र वहीत नव्हता. कॅरिअरला एवढ्या जाड लोखंडाची गरज नसते. तो मिस्त्रींनी संध्याकाळी केला, तेही शेडमध्ये उकिडवं बसून विडी ओढताना. “साहेब, हे लढाईतलं. माझा बाप सांगायचा.” दुसऱ्या महायुद्धात १९४१ला पेट्रोलचं रेशनिंग आलं, तेव्हा सर्व्हिसच्या गाड्यांना मागे कोळशाच्या गॅसची भट्टी लावायचे. भट्टी जड, तिला पेलायला असे कंस. सकाळी निघायच्या आधी क्लीनरने भट्टी पेटवून पंख्याने वारा घालायचा, गॅस धरला की मग गाडी सुरू. चढाला उतारूंनी खाली उतरून ढकलायची. मिस्त्रींनी सकाळीच हे ओळखलं होतं. मग बोलला का नाहीत, असं विचारलं तर म्हणाले, “मालक एवढ्या हौसेने भालदार सांगत होते.”

आता दिल्लीचं गिऱ्हाईक. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, “हे रजिस्टर आणखी कुणी पाहिलंय?” मी म्हटलं, नाही. “मग अर्जात ते घालायलाच हवं का?”

हवंच होतं, आणि त्याचं कारण त्यांनाही मान्य करावं लागलं. तपासणी समितीचा माणूस गाडीखाली वाकला की जादा पाटा दिसणार, पायफळीची भोकं दिसणार. नियमाप्रमाणे हा फेरफार. संस्थानिकांच्या गाडीला मालवाहू गाडीसारख्या स्प्रिंगा कशा, याचं उत्तर कोणाकडे आहे? त्याच गोष्टी विक्रेत्याच्या वहीत, डिलिव्हरीच्या तारखेला, इंजिन नंबरासमोर लिहिलेल्या आहेत म्हटल्यावर त्या मूळ स्वरूपाचाच भाग होतात. ‘थेट आयात’ असं लिहिलं असतं तर वर बिल ऑफ एन्ट्रीची, म्हणजे आयातीच्या कस्टम्सच्या कागदाचीही विचारणा झाली असती, ते कुठून आणणार होते? राहिले कंस. ते बोल्टने बसवलेले, वेल्डिंग नाही; खोलून ठेवले की चासी जशीच्या तशी.

बाई तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या गाडीभोवती एक फेरी मारून आल्या.

“आमच्या सासूबाईंचं माहेर शिरवळचं,” त्या म्हणाल्या. “लग्नाच्या आधी पुण्याला शिकायला यायच्या, मोटरीने. सर्व्हिसनेच येत असतील ना?”

शिरवळ साताऱ्याच्या वाटेवरच आहे. याच गाडीने आल्या असतील असं म्हणायला माझ्याकडे काही आधार नव्हता, आणि मी तसं म्हणालोही नाही. त्या वाटेवर आणखीही मोटरी धावत होत्या. बाईंनी पुन्हा विचारलंही नाही.

अर्जासाठी वहीतल्या नोंदीची नक्कल हवी होती. फोटो काढू न देणारे म्हातारे शेवटी स्वतःच रजिस्टर काखोटीला मारून, रिक्षाने माझ्याबरोबर झेरॉक्सच्या दुकानात आले आणि पान काचेवर त्यांनी स्वतःच्या हाताने ठेवलं. नकलेवर सही करताना म्हणाले, “हप्ते पूर्ण फेडले होते हां त्याने. हेबी लिही.” वहीत तशी नोंद होती, समासात, तिरक्या रेघेखाली. अर्जाला त्याचा काही उपयोग नव्हता. तरी मी लिहिलं.

नोंदणीच्या अर्जात, म्हणजे फॉर्म २०वर, साल घातलं १९२९. दिल्लीच्या माणसाने ‘कळवतो’ म्हणून फोन ठेवला तो ठेवलाच. भाऊजी हल्ली दुसरं गिऱ्हाईक बघतायत. बाईंनी मिस्त्रींना मात्र कॅरिअर आणि डब्यांच्या चौकटी पुन्हा बनवायला सांगितल्यात. कंसांचं काय करायचं, हे त्यांनी मिस्त्रींवरच सोडलं. ते म्हणाले, “खोलून, ग्रीस लावून ठेवतो. पेट्रोलचा भाव बघता लागतील परत.”