आमची वाटचाल : टेबलाखालचा डबा

आमच्या कामाच्या टेबलाखाली एक पत्र्याचा डबा आहे. त्यात आमच्या पहिल्या खेपेतला एक मायक्रोफोन आहे. तो बिघडलेला आहे आणि आम्ही तो मुद्दाम तसाच ठेवलाय. त्या खेपेत दहा विकले होते, सात परत आले. धंद्याची खरी सुरुवात आम्ही तिथूनच धरतो.

त्याआधी नुसती हौस होती. मी आणि धाकटा भाऊ, दोघंही रेकॉर्डिंगच्या नादातले. स्वतःसाठी एक कंडेन्सर मायक्रोफोन केला, तो मित्रांना आवडला, मग मागणी आली. सर्किट घरी मायक्रोफोन करणारे बरेचजण वापरतात ते: एक जेएफईटी (कॅप्सूलचा अशक्त सिग्नल पुढे नेणारा एक प्रकारचा ट्रान्झिस्टर), त्याच्या मागे दोन पीएनपी ट्रान्झिस्टर, आणि सगळं ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर, म्हणजे मायक्रोफोनच्याच केबलमधून येणाऱ्या विजेवर. कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारा भाग, इलेक्ट्रेटची घेतली. १९६२ साली बेल लॅब्समध्ये सेसलर आणि वेस्ट यांनी पातळ फिल्ममध्येच कायमचा भार साठवून ठेवणारा मायक्रोफोन केला, त्यामुळे कॅप्सूलला वेगळं व्होल्टेज देण्याची कटकट आमच्यामागे नव्हती. आमचा समज असा की कॅप्सूल चांगली असली की मायक्रोफोन चांगला. सगळे पैसे तिच्यावर आणि दिसायला देखण्या बॉडीवर घातले. बाकीचे भाग खणात पडलेले होते तेच लावले.

परत आलेल्या सातही मायक्रोफोनची तक्रार एकच होती. हवा दमट झाली की वाळकी पानं चुरगळल्यासारखी खरखर. आम्ही कॅप्सूलला दोष दिला, दोघांतल्या कॅप्सूल बदलल्याही. खरखर जिथल्या तिथे. एका रात्री मी हेडफोन लावून बसलो होतो आणि भावाने उघड्या बोर्डावरची धूळ उडवायला हलकी फुंकर मारली. कानात एकदम तडतड सुरू झाली, आणि फुंकरेची ओल वाळली तशी हळूहळू थांबली.

कॅप्सूल म्हणजे मुळात एक चिमुकला कपॅसिटर. मोठ्या डायाफ्रामची (थरथरणाऱ्या पडद्याची) असली तरी ६०-७० पिकोफॅरडची. तिच्यावरचा सिग्नल जेएफईटीच्या गेटपर्यंत, म्हणजे सिग्नल आत घेणाऱ्या पायापर्यंत, जसाच्या तसा पोचायचा तर तिथला रेझिस्टर अवाढव्य लागतो. आमचा १ गिगाओहमचा होता, म्हणजे शंभर कोटी ओहम. पण सोल्डर केल्यावर राहिलेला फ्लक्स (जोड नीट बसावा म्हणून लावतात तो चिकट पदार्थ), त्यावर बोटाचं तेल आणि वर हवेतली ओल, यांनी त्या रेझिस्टरच्या शेजारून दुसरी चोरवाट काढली होती. महागातला रेझिस्टर वर, आणि खालून गळती! तेव्हापासून गेटचा जोड आम्ही बोर्डावर टेकवतच नाही, टेफ्लॉनच्या खुंटीवर अधांतरी ठेवतो. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतो आणि तो रेझिस्टर फक्त तारांना धरून उचलतो. सहा मायक्रोफोन एवढ्यानेच बरे झाले.

याच रेझिस्टरने आम्हाला आणखी एकदा फसवलं. एकदा गिगाओहमचे संपले, म्हणून १०० मेगाओहमचे लावले. हिशेब केला होता: ६० पिकोफॅरडबरोबर तो साधारण २७ हर्ट्झच्या खालचंच कापतो, गाणाऱ्याच्या आवाजाला काय फरक पडणार? आवाजाला पडला नाहीच, पण मागची सुरसुर वाढली. मोठा रेझिस्टर म्हणजे जास्त सुरसुर हे आम्ही पुस्तकात वाचलेलं, इथे मात्र उलटं. रेझिस्टरची सुरसुर कॅप्सूलचा कपॅसिटन्स गिळून टाकतो, आणि रेझिस्टर जेवढा मोठा तेवढी ती ऐकू न येणाऱ्या खालच्या टोकाला ढकलली जाते. दहापट मोठा केला की ऐकू येणाऱ्या पट्ट्यात ती १० डेसिबलने उतरते. आता गिगाओहमचा साठा संपत आला की काम थांबवतो.

जेएफईटीची तऱ्हा वेगळीच. एकाच नंबरचे दोन नग सख्खे भाऊ असतील याची खात्री नाही. २एन३८१९ च्या डेटाशीटमध्येच पूर्ण उघड्या अवस्थेतला करंट २ ते २० मिलिअँपिअर असा दिलाय. एवढ्या फरकाला एकच ठरीव रेझिस्टर लावला, तर काही मायक्रोफोन मोठ्या आवाजाला लगेच फाटतात. मग प्रीसेट, म्हणजे फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर, लावायचा, ऑसिलोस्कोपवर लाट वरून-खालून सारखीच कापली जाईल असा फिरवायचा, तो मोजून काढून टाकायचा आणि त्या किमतीचा मेटल फिल्म रेझिस्टर बसवायचा. वेळखाऊ आहे, पण दुसरी वाट आम्हाला सापडली नाही.

कमी सुरसुरीचा म्हणून नावाजलेला २एसके१७० हा जेएफईटी आम्हीही हौसेने मागवला. त्याचा इनपुट कपॅसिटन्सच ३० पिकोफॅरडच्या घरात. सर्किटप्रमाणे कमी-जास्त होईल, पण छोट्या कॅप्सूलच्या सिग्नलमधला वाटा तो खातोच. शिवाय त्याचं उत्पादन बंद झालंय आणि दुसऱ्याच नगावर तो नंबर छापून विकणारे पुष्कळ. आमच्या पुडीतले निम्मे तसलेच निघाले.

कपॅसिटरबद्दल थोडक्यात. सिग्नलच्या वाटेवर एक्स७आर जातीचा सिरॅमिक नको. पेनने बोर्डावर टकटक केलं की तो स्वतःच मायक्रोफोन होतो. फिल्मचा घ्या, फक्त तो आत मावेल का, ते पाहायला आधी मायक्रोफोनच्या बॉडीचा व्यास मोजा. आम्ही मोजला नव्हता. ते सगळे कपॅसिटर अजून कपाटात आहेत.

आज आम्ही तिघं आहोत. तिसऱ्या ताई. जेएफईटी मोजून, जुळवून, वहीत नोंदवून पाकिटात भरणं हे त्यांचं काम, आणि त्यांनी नापास केलेला नग मीही मायक्रोफोनमध्ये घालू शकत नाही. हळूहळू लोक मायक्रोफोनऐवजी ती पाकिटंच मागू लागले. मोजलेला जेएफईटी, त्याच्या मापाचा रेझिस्टर, मीटरवर जुळवलेली जोडी. आता तयार मायक्रोफोनपेक्षा आमची किटंच जास्त जातात. भावाला याचं थोडं वाईट वाटतं, मला नाही.

डब्यातला तो सातवा मायक्रोफोन कामाला येणाऱ्या नव्या माणसाच्या हातात पहिल्या दिवशी देतो. ताईंनाही दिला होता. त्यांनी तो उघडला, आमचं सोल्डरिंग बराच वेळ पाहिलं, एक शब्द बोलल्या नाहीत आणि ब्रश मागितला.