बटाटे, अंडी आणि मामा

मी अमेरिकेत, न्यू मेक्सिको राज्यातल्या गॅलपजवळच्या एका रुग्णालयात सर्जन आहे. जे-१ व्हिसावर शिकलेल्या डॉक्टरला दोन वर्षं मायदेशी परतायचं नसेल, तर डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात तीन वर्षं काढावी लागतात. मी इथे आलो तो त्या हिशेबानं. रुग्ण बहुतेक नवाहो, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी जमातीचे.

त्या दिवशी ७८ वर्षांच्या एक आजी होत्या. मधुमेहानं पायाचं बोट काळं पडलेलं, काढावंच लागणार होतं. सहीआधी मी सवयीनं धोक्यांची यादी सुरू केली: जखम चिघळेल, कदाचित पाय घोट्यापासून जाईल... आजींनी मान फिरवली. आमच्या दुभाषी बाई त्यांना ‘शिमासानी’ म्हणत होत्या, म्हणजे आईची आई. त्या मला हळूच म्हणाल्या, “डॉक्टर, असं तोंडावर नाही म्हणत आमच्यात. बोललं की ओढवतं.”

माझी आजी ‘शुभ बोल रे नाऱ्या’ म्हणायची, ते आठवलं. मग आम्ही वाक्य बदललं: कुणा एका माणसाचं बोट काढलं, त्यानं जखमेकडे लक्ष दिलं नाही, तर त्याचं असं असं झालं. आजी नीट ऐकू लागल्या. थोड्या वेळानं हसल्या आणि म्हणाल्या, “माझे वडील असंच बोलायचे. लढाई सगळी सांगायची, पण लढाईतला एक शब्द नाही.”

वडील दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या मरीन कोअरमध्ये सांकेतिक संदेश पाठवणारे. १९४२मध्ये पहिल्या २९ नवाहो तरुणांनी आपल्याच बोलीतून ही सांकेतिक भाषा रचली. पुढे अशी माणसं चारशेच्या घरात गेली. माझा तोवर समज होता की ते फक्त नवाहोत बोलायचे आणि जपान्यांना नवाहो येत नव्हती, एवढंच. पण जपान्यांच्या कैदेतल्या जो किओमिया या नवाहो सैनिकाला हे संदेश ऐकवून, हाल हाल करूनही काही उपयोग झाला नव्हता. शब्द त्याला कळत होते, अर्थ लागत नव्हता. लागणार कसा? रणगाडा म्हणजे कासव, पाणबुडी म्हणजे लोखंडी मासा, बॉम्ब म्हणजे अंडी, हातबॉम्ब म्हणजे बटाटे.

ठरलेला शब्द नसेल तर अक्षरं. नवाहो शब्दाचं इंग्रजी करायचं आणि पहिलं अक्षर घ्यायचं. ‘ए’साठी मुंगी, सफरचंद किंवा कुऱ्हाड, आलटून पालटून, म्हणजे शत्रूला मोजदाद जमू नये. इवो जिमा या जपानी बेटावरच्या सुरिबाची डोंगराचं नाव आजींनी बोटांवर मोजून दाखवलं: मेंढी, मामा, मेंढा, बर्फ, अस्वल, मुंगी, मांजर, घोडा, खाज. मी मध्येच विचारलं, काका की मामा? इंग्रजीत दोन्ही ‘अंकल’च. “मामा,” त्या ठामपणे म्हणाल्या. काकाला वेगळा शब्द आहे. आमच्याकडेही, मी म्हटलं. दुभाषी बाईंना याचं फार बरं वाटलं.

हे गुपित १९६८पर्यंत सरकारनं उघड केलं नाही, त्यामुळे घरी कुणालाच माहीत नव्हतं. वडील झोपेत बडबडायचे: बटाटे, अंडी, पुन्हा बटाटे. आईला वाटायचं, जेवण कमी पडतंय. ती उठून खरंच भाकरी टाकायची. तेही मुकाट खायचे. तीच नवाहो बोलल्याबद्दल लहानपणी सरकारी शाळेत त्यांचं तोंड साबणानं धुतलं होतं, हे मात्र आजींनी जाता जाता, चष्मा पुसत सांगितलं.

सही झाली. बोट काढलं, जखम स्वच्छ राहिली.

तिसऱ्या दिवशी राउंडला गेलो तर आजींनीच विचारलं, “तुमच्या भाषेत बटाट्याला काय म्हणतात?”

“बटाटा.”

दोनदा म्हणून पाहिलं त्यांनी. “चांगला जड आहे,” म्हणाल्या. “फेकायला बरा.”