१४५७ यार्ड

‘काका, तुम्ही तर जुने लायन्सवाले. बॅरी सँडर्सनं ऐन भरात का सोडलं हो?’

हा प्रश्न मला गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत विचारलाय, दिवाळी पहाटेच्या मध्यंतरात विचारलाय, आणि एकदा तर दाढेचं रूट कॅनाल करणाऱ्या डॉक्टरनं, माझ्या तोंडात कापसाचे बोळे असताना विचारलाय. विचारणारी बहुतेक नोव्ही-ट्रॉय ह्या डेट्रॉइटच्या उपनगरांकडे नव्यानं राहायला आलेली मुलं. २०२३ च्या सप्टेंबरात डेट्रॉइटला फोर्ड फील्डबाहेर, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लायन्स संघाच्या मैदानाबाहेर, त्यांच्या ह्या जुन्या खेळाडूचा पुतळा उभा राहिला आणि त्याच हंगामात लायन्सनी ३२ वर्षांनी प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा, सामना जिंकला, तेव्हापासून विचारणारे फार वाढले. आणि सगळ्यांचं पालुपद एकच: ‘अहो, विक्रमाला १४५७ यार्डच तर उरले होते!’

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहून टाकतो. पुढच्या गणपतीत मला वाढप्यांकडे लक्ष देता येईल.

जे हा खेळ बघत नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडकं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात की पुन्हा चार प्रयत्न. यार्ड म्हणजे तीन फूट. क्वार्टरबॅक एकतर बॉल फेकतो, नाहीतर बाजूनं पळत येणाऱ्या गड्याच्या पोटाशी कोंबतो. तो गडी म्हणजे रनिंग बॅक. समोर त्याला लोळवायला अकरा जण टपलेले, त्यातले पुढच्या फळीतले सव्वाशे-दीडशे किलोचे.

मी मूळचा सांगलीकडचा, कॉलेज सुटेपर्यंत कबड्डी खेळलेला. १९९६ साली नोकरीसाठी मिशिगनला आलो तेव्हा हा खेळ म्हणजे मला हेल्मेट घातलेल्या रेड्यांची टक्कर वाटायची. मग एका रविवारी टीव्हीवर २० नंबरचा तो ठेंगू माणूस दिसला. उंची पाच फूट आठ इंच, वजन साधारण ९२ किलो, मांड्या उखळासारख्या. त्यानं उजवा खांदा नुसता झुकवला. समोरचा गडी तिकडे कलला, आणि हा डावीकडून पसार. मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो. ही तर हूल! आमच्या गावच्या मैदानावर माती उडवत देतात तीच. फरक एवढाच की चढाई करणाऱ्याला मध्यरेषेकडे परत यायचं असतं. ह्याला परतीची सोयच नव्हती.

त्याची आणखी एक खोड होती. वाट बंद दिसली की डोकं खाली घालून घुसायचं आणि मिळतील ते दोन यार्ड घ्यायचे, असं बाकीचे करतात. हा उलटा फिरायचा. पाच यार्ड मागे, मग आडवा, आणि मग एकदम मोकळं रान. कधी त्यातून दिवाळंही निघायचं. १९९४ च्या हंगामातल्या प्लेऑफमध्ये ग्रीन बेला तो १३ वेळा बॉल घेऊन पळाला आणि दिवसाची एकूण कमाई उणे एक यार्ड. पण १९९७ साली टँपा बेविरुद्ध एकाच सामन्यात एक धाव ८० यार्डांची, दुसरी ८२ ची. आणि टचडाउन झाल्यावर, म्हणजे बॉल शेवटच्या रेषेपार नेल्यावर, नाच नाही, बॉल आपटणं नाही. चालत जाऊन पंचाच्या हातात बॉल द्यायचा, वाण्याला सुटे पैसे द्यावेत तसा.

आता हिशेब. १९८९ ते १९९८, दहा हंगाम, सगळे डेट्रॉइट लायन्सकडूनच. १५,२६९ यार्ड. त्या वेळचा विक्रम शिकागोच्या वॉल्टर पेटनचा, १६,७२६. वजाबाकी केलीत की तुमचे ते १४५७ येतात. बॅरीची वर्षाची सरासरी १५०० च्या वर होती. म्हणजे आणखी एकच हंगाम, तोसुद्धा त्याच्या मानानं बेताचा, आणि नाव सगळ्यांच्या वर गेलं असतं. पुढे २००२ साली ते काम एमिट स्मिथनं केलं.

पण ह्या आकड्यांच्या शेजारी मी नेहमी दुसरा एक आकडा ठेवतो. दहा वर्षांत त्याला ३,०६२ वेळा बॉल देऊन पळायला लावलं. वर त्यानं ३५२ झेल घेतले. जवळजवळ साडेतीन हजार वेळा, आणि त्यातल्या बहुतेक वेळांचा शेवट एकच: पाठ जमिनीला आणि अंगावर दोन-तीन माणसं. रनिंग बॅकचं काम हेच. फलंदाज बाद होणं टाळू शकतो. ह्याला प्रत्येक वेळी पडायचंच असतं, प्रश्न फक्त कुठे पडायचं एवढाच. डेन्व्हरचा रनिंग बॅक टेरेल डेव्हिस ह्यानं १९९८ साली २,००८ यार्ड काढले, पुढच्याच वर्षी गुडघा गेला आणि दोन-तीन वर्षांत सगळं संपलं. बॅरीच्या आधी लायन्सकडे हाच २० नंबर घालणाऱ्या बिली सिम्सचाही गुडघाच गेला होता, १९८४ साली.

दुखापतीचं मी ऐकीव सांगत नाही. २१ डिसेंबर १९९७. आमच्या शॉपमधल्या एकाची बायको आजारी पडली आणि तिचं तिकीट मला मिळालं. पॉन्टिॲकचं सिल्व्हरडोम. छत कापडाचं, आतल्या हवेच्या दाबानं फुगवलेलं, त्यामुळे आत शिरायचं ते गोल फिरणाऱ्या दारांतून. बॅरीला वर्षाचे २००० यार्ड पूर्ण करायला १३१ हवे होते. त्याआधी ते फक्त दोघांना जमलं होतं. त्या हंगामात पहिल्या दोन सामन्यांत त्याचे ३३ आणि २० यार्ड झाले होते, तेव्हा पेपरवाल्यांनी त्याला म्हातारा ठरवून टाकलं होतं. मग सलग १३ सामने शंभराच्या वर, आणि हा चौदावा. समोर न्यूयॉर्क जेट्स.

त्यानं १८४ काढले. वर्षाचे झाले २,०५३. पण त्या दिवशीचं विचाराल तर मला ते आकडे आठवत नाहीत. चौथ्या क्वार्टरमध्ये लायन्सचा रेजी ब्राउन नावाचा तरणा लाइनबॅकर, म्हणजे बचावातला गडी, एका ढिगाऱ्यात पडला आणि उठला नाही. ढिगारा उठला, तो नाही उठला. डॉक्टर धावले. छातीवर दाब देताना दिसले, तेव्हा माझ्या शेजारचा माणूस हातातला बिअरचा ग्लास पायाशी ठेवून उभा राहिला. पंधरा-सतरा मिनिटं गेली असतील. खेळाडू गुडघे टेकून बसलेले. ७०-७५ हजार माणसं, आणि छत फुगवणाऱ्या पंख्यांची घरघर ऐकू यावी इतकी शांतता. तो वाचला, पुढे चालायलाही लागला, पण खेळ तिथंच संपला. लायन्स १३-१० जिंकले. सुटल्यावर बाहेरचं साधं दार उघडलं की आतली हवा माणसाला पाठीत ढकलून बाहेर काढायची. त्या दिवशी सगळे तसे ढकलले जात गुपचूप पार्किंगकडे गेले.

बॅरीनं हे तिसऱ्यांदा पाहिलं. १९९१ साली त्याच मैदानात त्याच्यासाठी वाट काढणारा उजवीकडचा गार्ड, माइक अटली, मानेवर पडून कायमचा अधू झाला. १९९२ च्या जूनमध्ये डावीकडचा गार्ड एरिक अँडोल्सेक स्वतःच्या अंगणात काम करत असताना रस्ता सोडून आलेल्या ट्रकखाली गेला.

मग लोक म्हणतात, घाबरला. मला ते पटत नाही. तो त्यानंतर पूर्ण एक हंगाम खेळला, सोळाच्या सोळा सामने, १४९१ यार्ड. घाबरलेला माणूस ३४३ वेळा बॉल घेऊन त्या भिंतीत जात नाही.

जुलै १९९९. सराव शिबिर तोंडावर आलेलं. बॅरीनं एक फॅक्स पाठवला, तोही संघाला नव्हे, आपल्या गावच्या पेपरला, कॅन्ससमधल्या ‘विचिटा ईगल’ला. खेळात राहण्याच्या इच्छेपेक्षा खेळातून बाहेर पडण्याची इच्छा मोठी आहे, एवढा त्याचा मथितार्थ. आणि स्वतः गेला लंडनला. (१९६६ साली जिम ब्राउननंही लंडनमध्येच सिनेमाच्या शूटिंगवर असताना निवृत्ती जाहीर केली होती, तिशीत. बॅरीचे वडील आयुष्यभर सांगत आले की जगात रनिंग बॅक एकच, जिम ब्राउन. घरात असा बाप असला की पोराला स्वतःच्या विक्रमाचं काय कौतुक वाटणार?)

इकडे गावभर आग. आमच्या टूलरूममधल्या म्हाताऱ्या फोरमननं आपली २० नंबरची जर्सी बाकावर टाकली आणि आठवडाभर तिला हात पुसले, ग्रीसचे. मीही चिडलो होतो, खोटं कशाला सांगू. पेटनचा विक्रम मोडेल त्या सामन्याला जायचं म्हणून मी पैसे बाजूला ठेवत होतो.

१९९७ च्या कराराचा बोनस १ कोटी १० लाख डॉलर होता. त्यातला काही भाग परत करायची पाळी त्याच्यावर आली, लवादाकडे प्रकरण गेलं. आणि इथं एक गोष्ट लोक सोयीनं विसरतात. त्याच्या एजंटांचं म्हणणं होतं की लायन्सनी त्याला मोकळं केलं तर तो दुसरीकडे खेळेल. लायन्सनी केलं नाही. म्हणजे फॅक्समध्ये काहीही असो, माणूस पळायला विटला नव्हता. हरायला विटला होता. २००३ साली त्यानं आत्मचरित्रात ते लिहिलंही. १९९८ च्या हंगामाआधी केव्हिन ग्लोव्हर ह्या त्याच्या पुढे उभ्या राहणाऱ्या जुन्या सेंटरला संघानं जाऊ दिलं, ते त्याला फार लागलं होतं. त्या वर्षी लायन्स ११ सामने हरले. दहा वर्षांत प्लेऑफ पाच वेळा, आणि जिंकला फक्त एक सामना: जानेवारी १९९२, डॅलसविरुद्ध ३८-६. त्यानंतर थेट २०२४ चा जानेवारी.

सुतारकाम आणि छपरं घालायचं काम करणाऱ्याचा तो मुलगा, अकरा भावंडांतला. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांबरोबर छपरावर चढायचा. छपरावरच्या माणसाला विचारा, आज किती खिळे ठोकलेस. तो तुमच्याकडे बघत राहील. छप्पर गळतंय की नाही हे विचारा. लायन्सचं छप्पर दहा वर्षं गळत होतं, आणि आम्ही खिळे मोजत होतो.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून माझा भाचा आला होता. त्याला पुतळा दाखवायला नेलं. फोटो काढून झाले, आणि मग त्यानंही फोनवर शोधून तेच विचारलं: ‘मामा, पण १४५७ च उरले होते की. एक वर्ष ढकललं असतं.’

मी त्याला पहिल्या वर्षाचं सांगितलं. डिसेंबर १९८९, हंगामाचा शेवटचा सामना, अटलांटात. बॅरी अवघा २१ वर्षांचा. सामना जवळजवळ हातात आलेला, आणि तो बाकावर बसलेला. तेवढ्यात बाजूला आकडे कळतात: कॅन्सस सिटीच्या क्रिश्चन ओकोयेचे १४८०, ह्याचे १४७०. आणखी दहा-अकरा यार्ड आणि सबंध लीगमध्ये पहिला नंबर, पदार्पणातच. कोच वेन फाँट्स येऊन विचारतो, जातोस का आत? बॅरी म्हणतो, नको, सामना जिंकू आणि घरी जाऊ.

‘दहा?’ भाचा म्हणाला. ‘नुसते दहा?’

‘दहा.’

तो पुतळ्याकडे बघत राहिला थोडा वेळ. मग म्हणाला, ‘आणि जिंकले का?’

‘त्या दिवशी, हो. ३१-२४.’