पाया खोदायला वेळ लागतो, लागू द्या

येशूनं सांगितलेला दोन घरांचा दाखला आपल्याकडं संडे स्कूलमधल्या लहान लेकरालापण पाठ असतो, शहाण्यानं खडकावर बांधलं, मूर्खानं वाळूवर बांधलं, पाऊस आला, पूर आला, एक टिकलं, एक पडलं. एवढा पाठ असल्यामुळंच की काय, त्यातली एक गोष्ट नजरेतून सुटते असं मला वाटतं. बायबलमधल्या मत्तयाच्या पुस्तकाचा ७ वा अध्याय परत नीट वाचा, दोघांनीही प्रभूचं वचन ऐकलेलं आहे. वाळूवर बांधणारा कुणी बाहेरचा माणूस नाहीये, तो मंडळीतलाच, म्हणजे चर्चमधलाच आहे, उपासनेला येणारा, संदेश ऐकून मान डोलावणारा. फरक एवढाच की एकानं ऐकलं आणि तसं केलं, दुसऱ्यानं नुसतं ऐकलं. आणि पाऊस तर दोघांच्याही घरावर पडला, विश्वास ठेवला म्हणून एकाच्या घराला वादळ चुकलं असं प्रभू कुठंच म्हणत नाही.

लूकनं हाच दाखला सांगताना एक जास्तीची गोष्ट दिलीय (लूक ६:४८), त्या माणसानं खोल खोदलं. सोलापुरात ज्यांनी घर बांधलंय त्यांना हे समजावून सांगायची गरजच नाही. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून अशा भेगा पडतात की हात आत जावा, त्या मातीवर वरच्यावर पाया घातला की दोन-चार वर्षांत भिंतीला तिरक्या चिरा आल्याच म्हणून समजा. म्हणून गवंडी मुरूम लागेपर्यंत खोदायला लावतो, आणि घरमालकाचा जीव खालीवर होतो कारण सगळा पैसा जमिनीच्या खाली चाललाय आणि आल्यागेल्याला दाखवायला वर काहीच नाही. प्रभूच्या देशातले ओढेसुद्धा उन्हाळाभर कोरडे आणि पावसाळ्यात अचानक भरून येणारे, ऐकणाऱ्यांना ते डोळ्यासमोर दिसत असणार. आपण २०२५ च्या सप्टेंबरात सीनेचं पाणी बघितलंय, एरवी कोरडी वाटणारी नदी काय करू शकते ते आता कुणी सांगायला नको.

हे सगळं लिहायचं कारण आपली तरुण पोरं. कन्व्हेन्शनमध्ये, उपवास प्रार्थनेत पोरं रडतात, हात वर करतात, जीवन प्रभूला देतात. त्या अश्रूंना मी कधीच खोटं म्हणणार नाही, देव माणसाचं मन हलवतो हे मी स्वतः बघितलंय. पण नंतर काय? घरी कुणी आजारी पडतं, भरतीत नाव येत नाही, लग्न मोडतं, आणि मग पोरगं म्हणतं मी एवढी प्रार्थना केली तरी देवानं काही केलं नाही. त्याच्यावर राग येत नाही मला, वाईट वाटतं, कारण त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं की विश्वास ठेव, नोकरी लागेल. म्हणजे त्याचा पाया येशू नव्हताच, नोकरी होती.

प्रेषित पौल करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या मंडळीला, पत्रात स्पष्ट लिहितो की येशू ख्रिस्ताशिवाय दुसरा पाया कुणालाच घालता येत नाही (१ करिंथ ३:११). आणि त्याच पत्राच्या १५ व्या अध्यायात तो सांगतो की नेमकं काय धरून ठेवायचं, ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला. तो तर इथपर्यंत म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. बघा, सगळा भार त्यानं एका घडलेल्या गोष्टीवर टाकलाय, आपल्या भावनांवर नाही. माझा मूड गेला, मी खचले, प्रार्थनेला शब्द सुचेनात, तरी कबर रिकामीच आहे. मला तरी अवघड दिवसांत यानंच उभं केलंय.

आणि घाई नको. ख्रिस्ती झालेले मराठी कवी ना. वा. टिळक यांचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. १८९३ साली रेल्वेत एका युरोपियन सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला, ते वाचत गेले, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनानं (मत्तय ५ ते ७) त्यांना धरून ठेवलं, आणि बाप्तिस्मा झाला तो १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत. मधला सगळा काळ वाचण्यात, विचार करण्यात, स्वतःशी भांडण्यात गेला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तर अजून वेळ लागला, नवऱ्यापासून लांब राहिल्या, त्यातला काही काळ आपल्या पंढरपुरात, आणि त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. कुणाच्या दबावाखाली नाही, स्वतःला पटल्यावर. म्हणून तर दोघंही शेवटपर्यंत टिकले असं मला वाटतं. आपल्यासारख्या पिढ्यानपिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरांत उलटंच होतं, सगळं आयतं मिळतं आणि खोदायचं राहूनच जातं. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याच्या घरी आजी लोईस आणि आई युनीके यांचा विश्वास होता, तरी पौल त्याला म्हणतोच की तू जे शिकलास ते धरून राहा. आजीचा विश्वास नातवाला आपोआप लागू होत नाही.

खोदणं म्हणजे मी काय म्हणते, तर रोज थोडं का होईना वचन वाचणं आणि प्रश्न विचारणं. बिरुया गावातले लोक पौलासारख्या प्रेषिताचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात तपासून बघत होते आणि बायबल त्यांचं कौतुक करतं (प्रेषितांची कृत्ये १७:११), मग पोरांनी पाळकसाहेबांना प्रश्न विचारला तर आपण डोळे का वटारायचे? विचारू द्या की. आणि वाचलेलं त्याच आठवड्यात करायचं, हे सगळ्यात जड. क्षमा करा असं वाचलं तर ज्या भावाशी घराच्या वाटणीवरून बोलणं बंद आहे त्याला फोन लावायचा. खरं बोला असं वाचलं तर दुकानात वजन बरोबर द्यायचं. हे कुणी स्टेजवर साक्ष म्हणून सांगत नाही, पण मत्तय ७ मध्ये खडक म्हणतात तो हाच, ऐकून करणं.

आणि हे एकट्यानं होत नाही. यूट्यूबवर संदेश ऐका, चांगलंच आहे, पण तुम्ही दोन रविवार दिसला नाहीत तर यूट्यूब दार वाजवायला येणार नाही, मंडळीतली मावशी येते, भाकरी-चटणी बांधून आणते आणि वर रागावतेपण.

आमच्याकडं सध्या शनिवारी संध्याकाळी पोरं जमतात, मत्तय ५ ते ७ वाचायला घेतलंय, तीन अध्याय, १११ वचनं, एका वेळी थोडीच. आता सहाव्या अध्यायात चिंतेच्या भागावर आलोय आणि बारावीच्या निकालाची वाट बघणाऱ्या पोरींनी आधीच सांगून ठेवलंय की हा भाग पटकन उरकायचा नाही, आम्हाला खूप विचारायचंय. तुमच्या घरी त्या वयाचं कुणी असेल तर पाठवा, बायबल नसलं तरी चालेल, आमच्याकडं जास्तीची आहेत.