आमची वाटचाल : मानेखालच्या उंचीचा शोध

आमचा व्यवसाय अभ्र्यांपासून सुरू झाला. मी आणि माझी जाऊ, दोन शिलाई मशीन आणि कापडाचे काही तागे. गाद्यांच्या खोळी आणि उशांचे अभ्रे शिवून द्यायचे, एवढंच काम होतं. पण अभ्रा घ्यायला आलेलं माणूस हमखास उशीबद्दल बोलू लागे. सकाळी उठताना मान आखडलेली असते, खांदा भरून येतो, मागे वळून बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागतं. कुणी एकाऐवजी दोन उशा घेऊन पाहिलेल्या, कुणी उशी काढूनच टाकलेली, कुणी महागातली महाग उशी आणलेली. शेवटी प्रश्न एकच : "ताई, मानेसाठी चांगली उशी कुठली?" त्या प्रश्नाला खरं उत्तर देता यावं या इच्छेतून आम्ही उशा बनवायला लागलो, आणि आज आमचं बहुतेक काम तेच आहे.

सुरुवातीलाच आम्ही एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे शिकायला गेलो. त्यांनी सांगितलेल्या गोष्टींवर आमची पुढची सगळी कामगिरी उभी आहे. मानेत सात मणके असतात आणि त्यांची रांग पुढच्या बाजूला हलकी बाक घेते. मोठ्या माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं असतं. दिवसभर हा भार मानेचे आणि खांद्याचे स्नायू तोलत असतात, रात्री तो उशीवर यायला हवा. मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून निघून खांद्याच्या फऱ्याच्या वरच्या कोपऱ्याला जाऊन मिळणारा एक स्नायू आहे, लेव्हेटर स्कॅप्युली. मान आणि खांदा एकदम का धरतात हे या एका स्नायूकडे पाहिलं की समजतं. कुशीवर झोपलेल्या माणसाची उशी बुटकी असेल तर डोकं गादीकडे कलतं आणि वरच्या बाजूचे स्नायू तासन्‌तास ताणलेले राहतात. उशी फार उंच असेल तर डोकं वर ढकललं जातं आणि ताण खालच्या बाजूला येतो. पाठीवर झोपणाऱ्याला उंच उशी दिली तर हनुवटी छातीकडे वळते. म्हणजे दिवसभर पडद्याकडे वाकलेली मान रात्रीही वाकलेलीच.

हे ऐकल्यावर आमच्या कामाची दिशा ठरली. उशीत काय भरलंय हे सगळे विचारतात. आम्हाला वाटू लागलं, आधी विचारायला हवं ते उंचीचं, आणि तीही डोकं ठेवल्यानंतरच्या उंचीचं. मोकळी असताना १५ सेंटिमीटर दिसणारी उशी डोक्याखाली सात सेंटिमीटरवर येऊ शकते आणि १२ सेंटिमीटरची दुसरी उशी दहावर टिकू शकते. हातात घेऊन दाबून पाहिलं की दोन्ही मऊच लागतात, फरक कळत नाही.

म्हणून आम्ही मोजायला सुरुवात केली. गोल बुडाचं स्टीलचं पातेलं घेतलं, वजन पाच किलो भरेल इतकी वाळू त्यात भरली आणि ते उशीच्या मधोमध ठेवलं. बाजूला उभी मोजपट्टी. ठेवल्याबरोबर एक माप, आणि रात्रभर तसंच ठेवून सकाळी दुसरं. मेमरी फोमसाठी वाळू अंगाइतकी कोमट करून भरतो, कारण तो फोम उष्णतेने मऊ होतो आणि थंडीत कडक पडतो. गार पातेल्याने त्याची खरी उंची कळत नाही. आमच्याकडे शिवणाऱ्या ताईंना आता या पातेल्याची इतकी सवय झाली आहे की नवीन भरण आलं की कुणी सांगायच्या आत ते त्यावर चढतं. आमच्या प्रत्येक उशीच्या पट्टीवर दोन आकडे छापलेले असतात, मोकळी उंची आणि दाबल्यावरची उंची. दुसरा आकडा छापणं मला आमच्या सगळ्या वाटचालीतलं सर्वात उपयोगी काम वाटतं.

भरणाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण लोकांचा गोंधळ इथेच जास्त होतो.

पिंजलेल्या कापसाची उशी नवी असताना छान भरदार असते. पण कापसाचे तंतू एकमेकांत अडकून घट्ट बसत जातात, मधे खड्डा पडतो आणि दाबल्यावरची उंची महिन्यागणिक उतरते. उन्हात घालून, पुन्हा पिंजून घेतली तर ती जिवंत होते. ज्याला एवढी निगा राखायची हौस आहे त्याने कापूस जरूर वापरावा. सावरीचा कापूस आतून पोकळ तंतूंचा, त्यामुळे अतिशय हलका आणि ओलावा न धरणारा. मात्र तो गुळगुळीत असल्याने तंतू एकमेकांना धरून राहत नाहीत, आणि वापरून वापरून त्यांचा चुरा होतो. पॉलिस्टर फायबर धुवायला सोपं, पण स्वस्तातल्या फायबरच्या लवकर गाठी होतात.

मेमरी फोमचा जन्म उशीसाठी झालेला नाही. १९६६ मध्ये चार्ल्स योस्ट यांनी अमेरिकेच्या नासा या संस्थेच्या कामातून, विमानातल्या आसनांसाठी, धक्का शोषून घेणारा हा फोम तयार केला. दाब आणि ऊब मिळाली की तो हळूहळू आकार घेतो आणि सावकाश पूर्ववत होतो. डोकं एका जागी स्थिर ठेवून झोपणाऱ्याला तो आवडतो. रात्री बऱ्याचदा कूस बदलणाऱ्याला मात्र जुन्या खड्ड्यातून बाहेर यायला जोर लावावा लागतो, आणि तो जोर मानच लावते. काहींना त्याची ऊबही सहन होत नाही. नव्या फोमचा वास येतो, त्यासाठी आम्ही तो काही दिवस हवेशीर जागेत उघडा ठेवूनच खोळीत घालतो.

लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक फेसाळून, साच्यात घालून, उष्णतेने पक्का केलेला. डनलॉप पद्धत म्हणून ओळखली जाणारी ही रीत १९२९ पासून चालत आलेली आहे. लेटेक्स दाबला की लगेच उलट उचल देतो, त्यामुळे कूस बदलली तरी मानेखालचा आधार सुटत नाही. पातेल्याखाली रात्रभर ठेवलेल्या आमच्या नमुन्यांत संध्याकाळच्या आणि सकाळच्या मापात सगळ्यात कमी फरक लेटेक्सच्या उशीत दिसला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास वाचला तेव्हा आमचा हुरूप वाढला. कुशीवर झोपणाऱ्या लोकांना वेगवेगळ्या उशा देऊन केलेल्या त्या अभ्यासात सकाळच्या मानदुखीच्या आणि झोपेच्या बाबतीत लेटेक्सची उशी उजवी ठरली, पिसांची उशी मागे पडली. त्यात आणखी एक गोष्ट होती, तिने आमच्या पुढच्या कामावर जास्त परिणाम केला. मानेच्या बाकाप्रमाणे उंचसखल आकार दिलेली फोमची उशी साध्या फोमच्या उशीपेक्षा सरस असल्याचं तिथे दिसलं नाही. बाजारात 'मानेची उशी' म्हणून हाच आकार सगळ्यात जास्त विकला जातो. काही जणांना ती मानवते, त्यांनी ती बदलू नये. पण एकाच मापाचा उंचवटा रुंद खांद्याच्या आणि अरुंद खांद्याच्या माणसाला सारखाच कसा बसेल, हा प्रश्न आम्हाला स्वस्थ बसू देईना.

(लेटेक्सची ॲलर्जी असलेल्यांनी ही उशी घेऊ नये. आणि लेटेक्सला कधीही कडक ऊन दाखवू नये, तो ठिसूळ होऊन झडायला लागतो. कापसाच्या उशीची सवय असलेले लोक ती प्रेमाने उन्हात टाकतात, म्हणून ही सूचना आम्ही खोळीवरच शिवून देतो.)

फोमच्या खरेदीत एक कसरत शिकावी लागली. एका पुरवठादाराने घनमीटरला ५० किलो घनतेचा म्हणून दिलेला माल हाताला पोकळ वाटत होता. ६० बाय ४० सेंटिमीटरचा, १२ सेंटिमीटर जाडीचा तुकडा ५० घनतेचा असेल तर १ किलो ४४० ग्रॅम भरला पाहिजे. काट्यावर तो जेमतेम १ किलो १५० ग्रॅम भरला, म्हणजे घनता ४० च्या आसपास. माल परत गेला. तेव्हापासून प्रत्येक ब्लॉक वजन करूनच आत येतो. ज्यांना घरी फोमची उशी तपासायची आहे त्यांनीही हा हिशोब करून पाहावा : वजन किलोत, लांबी-रुंदी-जाडी मीटरमध्ये, आणि वजनाला त्या तिघांच्या गुणाकाराने भागायचं. घनता म्हणजे कडकपणा नव्हे, हेही लक्षात ठेवावं. कमी घनतेचा फोमसुद्धा कडक बनवता येतो, तो फक्त लवकर बसतो.

आमची आजची मुख्य उशी थरांची आहे. दोन सेंटिमीटरचे आणि एक सेंटिमीटरचे लेटेक्सचे पातळ थर, ते सरकू नयेत म्हणून घट्ट मापाची आतली खोळ, तिला चेन, आणि वरून धुता येणारा अभ्रा. आधी आम्ही तुकडे केलेला फोम भरून पाहिला होता. त्यातही भरण कमी-जास्त करता येतं, पण ते एका कडेला गोळा होतं, आणि शिवाय 'दोन मुठी काढा' असं फोनवर सांगितलं तर प्रत्येकाची मूठ वेगळी. 'एक पातळ थर काढा' म्हटलं की कुणालाही कळतं आणि पुन्हा घालायचा असेल तरी माप चुकत नाही. एका सेंटिमीटरने काय होणार, असं लोक म्हणतात. कुशीवर झोपणाऱ्याच्या मानेला ते एक सेंटिमीटर स्पष्ट जाणवतं, हे आम्ही ग्राहकांकडून पुन्हा पुन्हा ऐकलं आहे.

उंची ठरवण्यासाठी आम्ही माप घ्यायला सांगतो. कुशीवर झोपणाऱ्याने भिंतीला खांदा टेकवून ताठ उभं राहायचं, नजर समोर, डोकं भिंतीकडे झुकू द्यायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी भिंतीपासून डोक्याच्या बाजूपर्यंतचं अंतर मोजायचं. यातून गादीत खांदा जेवढा रुततो तेवढं वजा करायचं. कडक, पातळ गादीवर खांदा फारसा रुतत नाही, जाड मऊ फोमच्या गादीवर बराच रुततो. म्हणून गादी बदलली की जुनी आवडती उशी अचानक त्रास द्यायला लागते. ग्राहक उशीची तक्रार घेऊन येतो आणि बोलता बोलता नवीन गादीचा विषय निघतो, असं आमच्याकडे नेहमी होतं. पाठीवर झोपणाऱ्याने भिंतीला पाठ टेकवून उभं राहायचं आणि डोक्यामागची पोकळी मोजायची. ही उंची कुशीच्या मानाने बरीच कमी येते. पोटावर झोपणाऱ्यांना आम्ही सगळ्यात पातळ उशी देतो, आणि कूस घ्यायची सवय लावून बघा अशी विनंतीही करतो, कारण पोटावर झोपलं की श्वासासाठी मान रात्रभर एका बाजूला वळलेली राहते.

दोन गोष्टी उशीसोबतच्या कागदावर मोठ्या अक्षरात छापल्या आहेत. एक, उशीवर डोकं आणि मान ठेवायची, खांदा गादीवरच राहू द्यायचा. बरेच लोक अर्धा खांदा उशीवर चढवतात आणि मग मानेखाली आधारच उरत नाही. दुसरी, कुशीवर झोपताना वरचा हात पुढे गळून पडत असेल तर छातीशी एक छोटी उशी धरावी. वरचा खांदा पुढे ओढला जात नाही. खांदा धरणाऱ्या कितीतरी लोकांना नव्या उशीपेक्षा या छोट्या उशीनेच आराम पडला आहे, आणि ती घरातली कुठलीही चालते, आमच्याकडून घ्यायची गरज नाही.

'मानदुखी बरी करते' असं आम्ही कुठेही लिहीत नाही. विक्रीला ते सोपं जातं, असं अनेकांनी सुचवलं. माझ्या जावेने पहिल्या दिवसापासून त्याला ठाम नकार दिला आहे आणि मी तिच्या बाजूने आहे. मान धरण्याला झोपेची रीत हे एक कारण आहे. दिवसभर वाकून केलेलं काम, ताण, जुनी इजा, मणक्यांची झीज हीही कारणं असतात आणि तिथे उशीचा उपयोग मर्यादित. दुखणं हातात उतरत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, हाताची पकड सैल पडत असेल, चालताना तोल जात असेल, अपघातानंतर मान दुखत असेल किंवा मान आखडण्यासोबत ताप आणि तीव्र डोकेदुखी असेल, तर उशी शोधत बसू नये, लगेच डॉक्टरांकडे जावं. फोनवर असं काही ऐकलं तर आम्ही ऑर्डर घेत नाही, आधी तपासून या म्हणतो. तान्ह्या बाळासाठीही आम्ही उशी बनवत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंथरुणात उशी असणं धोक्याचं आहे, त्यामुळे कितीही आग्रह झाला तरी ते काम आमच्याकडे होत नाही.

सध्या आमचं लक्ष त्या लोकांकडे आहे जे अर्धी रात्र पाठीवर आणि अर्धी रात्र कुशीवर झोपतात. असे लोक पुष्कळ आहेत आणि एका उंचीची उशी त्यांना अर्धी रात्रच साथ देते. मधला भाग कमी थरांचा आणि दोन्ही कडा जास्त थरांच्या, अशी तीन कप्प्यांची उशी आम्ही शिवून पाहतो आहोत. अडचण कप्प्यांच्या शिवणीची आहे. शिवण घट्ट घेतली तर ती गालाला टोचते, सैल सोडली तर थर एका कप्प्यातून दुसऱ्यात डोकावतात. जाऊबाईंनी आता शिवण आतल्या खोळीतच घेऊन वर एक सलग पातळ थर टाकला आहे आणि तो नमुना आमच्या घरात आणि शिवणाऱ्या ताईंच्या घरी वापरात आहे. ज्यांना ही उशी वापरून बघायची इच्छा आहे त्यांनी भिंतीजवळची दोन्ही मापं, गादीचा प्रकार आणि रात्री जाग येते तेव्हा आपण कोणत्या स्थितीत असतो, एवढं लिहून कळवावं. नमुना पाठवल्यावर आठवड्याने फोन आम्हीच करू.