दारू सुटल्यानंतरचा मार

‘दारू पितो म्हणून हात उचलतो, नाहीतर देवमाणूस आहे हो.’ हे वाक्य मी सोलापूरच्या विडी घरकुलात ऐकलंय, मुंबईत समाजकार्य शिकताना धारावीत ऐकलंय आणि आता अमेरिकेतल्या ॲरिझोनात, एका आदिवासी जमातीच्या व्यसनमुक्ती केंद्रात इंग्रजीतून ऐकते. बोलणारीचा चेहरासुद्धा तसाच असतो, अर्धा ओशाळलेला, अर्धा त्याची बाजू घेणारा. या वाक्यात एक आशा दडलेली असते, की दारू सुटली की मार आपोआप थांबेल. माझी इथली नोकरी या आशेशी रोज वाद घालण्याची आहे.

जमातीचं नाव लिहीत नाही. ॲरिझोनात केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या २२ जमाती आहेत आणि काहींची वस्ती इतकी लहान आहे की ‘तिकडची एक बाई’ एवढ्यावरून माणसं ओळखतील. खालचे प्रसंगही दोन-तीन घटना एकमेकींत मिसळून, तपशील बदलून लिहिलेत.

केंद्र जमातीचं स्वतःचं आहे. १९७५ साली इथे एक कायदा झाला. वॉशिंग्टनच्या खात्याने चालवायचे दवाखाने आणि इतर सेवा जमातींनी स्वतः चालवायला घ्यायच्या आणि पैसा सरकारने द्यायचा, अशी त्यात सोय आहे. त्यामुळे माझा पगार, माझे नियम आणि माझ्यावरचं मंडळ, सगळं जमातीचं. आपल्याकडचा आदिवासी विकास विभाग पाहिलेल्या माणसाला हे पचायला थोडा वेळ लागतो.

माझ्या हाताखाली दोन गट आहेत. पहिला पीअर लोकांचा, म्हणजे स्वतः नशेतून बाहेर आलेली आणि आता दुसऱ्याला हात देणारी माणसं. पुण्याचं मुक्तांगण ज्यांना माहीत आहे त्यांना ही कल्पना नवी नाही, तिथे बरे झालेले मित्रच पुढे कार्यकर्ते होतात. इथे त्याची रीतसर नोकरी झाली आहे. २००७ साली मेडिकेडने, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेने, राज्यांना कळवलं की पीअरच्या कामाचे पैसे देता येतील, मात्र त्याला प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र हवं, रुग्णाच्या बाकी उपचारांशी त्याचा मेळ हवा आणि त्याच्यावर पात्र व्यावसायिकाची देखरेख हवी. त्या शेवटच्या अटीवर माझी भाकरी चालते. दुसरा गट ॲडव्होकेट्सचा. त्या वकील नाहीत. मारहाण झालेल्या बाईबरोबर कोर्टात जाणं, प्रोटेक्शन ऑर्डरचा, म्हणजे मारणाऱ्याला तिच्यापासून लांब ठेवणाऱ्या कोर्टाच्या हुकमाचा, अर्ज भरून घेणं, रात्री शेल्टरमध्ये, म्हणजे अशा बायकांच्या निवाऱ्यात, जागा शोधणं, हे त्यांचं काम.

दोन्ही गट एकाच पटांगणात असले तरी त्यांचं फारसं जमत नाही. कारण भांडकुदळपणा नव्हे. पीअरचं भांडवल म्हणजे त्याची स्वतःची गोष्ट. ‘मीही त्याच गटारात होतो’ हे तो दहा जणांसमोर सांगतो तेव्हा अकरावा तोंड उघडतो. ॲडव्होकेटचं भांडवल म्हणजे मौन. एखादी बाई आपल्याकडे येते की नाही, एवढंही ती बाईच्या लेखी परवानगीशिवाय सांगू शकत नाही. पीअर बारा पायऱ्यांच्या शाळेतला, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या वाटेचा. आपल्या चुकांचा हिशेब मांड, ज्यांना दुखावलंस त्यांची भरपाई कर, असं तो सांगणार. ॲडव्होकेट सांगणार की तुला मार बसला यात तुझा दोष नाही. मग एकच बाई सकाळच्या ग्रुपमध्ये ‘यात माझा वाटा काय’ असं वहीत लिहिते आणि दुपारी तिला सांगितलं जातं की तुझा वाटा शून्य. नशेबद्दल पहिलं बरोबर, मारहाणीबद्दल दुसरं. पण एका डोक्यात, एका दिवसात, हे वेगळं ठेवणार कोण? ते दोन्ही गटांना शिकवायचं, हेच माझ्या सुपरव्हिजनचं खरं काम. बाकी मग सह्या आणि केस नोट्स.

त्या बारांतल्या नवव्या, भरपाईच्या पायरीवरून झालेला एक वाद सांगते. एक माणूस बऱ्याच महिन्यांचा सोबर. आता माफी मागायची पायरी आली, म्हणून त्याने आधीच्या बायकोला पत्र लिहिलं आणि त्याचा पीअर ते नेऊन द्यायला तयार झाला. पत्र सुंदर होतं, यात शंका नाही. मी विचारलं, प्रोटेक्शन ऑर्डर आहे का? होती. संपर्काची मनाई असली की तिसऱ्याच्या हातून पाठवलेली चिठ्ठीसुद्धा त्या मनाईत येते. आणि कोर्ट बाजूला ठेवलं तरी नवव्या पायरीतच लिहिलेलं आहे की ज्या भरपाईने समोरच्याला इजा होईल ती करू नये. पीअर भडकला. ‘म्हणजे तुम्ही लोक त्याला कधीच माणूस समजणार नाही का?’ असं म्हणाला. प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, पोटगी वेळेवर जाऊ दे, तिच्या आईच्या घरावरून गाडी नेणं बंद होऊ दे, मुलांच्या हाती निरोप जायचे थांबू दे. ही भरपाईच आहे, फक्त तिच्या बदल्यात त्याला तिच्या तोंडून ‘माफ केलं’ ऐकायला मिळणार नाही. पीअरला हे अजून पूर्ण पटलेलं नाही, पण पत्र गेलं नाही.

नशा आणि हिंसा यांचं नातं उलट्या बाजूनेही चालतं, आणि ही बाजू आपल्याकडे फार कमी बोलली जाते. बाई स्वतः व्यसनी असते तेव्हा ते व्यसनच नवऱ्याच्या हातातला दोर होतो. फेंटानिलच्या, म्हणजे अफूसारख्या पण फार जहाल नशेच्या, गोळ्या तोच आणून देतो. ती उपचाराला लागली की ब्युप्रेनॉर्फिनच्या, म्हणजे ती नशा सोडवणाऱ्या औषधाच्या, पट्ट्या लपवतो, मीटिंगला जायच्या वेळी गाडीची किल्ली हरवते, आणि वर धमकी की सोडून गेलीस तर बालकल्याणवाल्यांना फोन करीन, मुलं जातील. आमच्या दप्तरात याची नोंद ‘रुग्ण अनियमित’ अशी व्हायची. आता पीअर्सना मी दोन साधे प्रश्न शिकवते: औषध घरात कोणाच्या ताब्यात असतं? आणि तू चांगली सावरायला लागलीस की घरात काय होतं? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा लगेच उत्तर येत नाही. परतीच्या गाडीत येतं. इथे अंतरं लांब, बस नाही, त्यामुळे पीअरच रुग्णाला डॉक्टरकडे, कोर्टात नेतो-आणतो. शेजारी बसून, समोर रस्त्याकडे बघत, बायका जे बोलतात ते माझ्या खोलीत टिश्यूचा डबा पुढे सरकवूनही बोलणार नाहीत.

तिसरा प्रश्न जास्त जपून विचारायचा: त्याने कधी गळा दाबलाय का? गळा दाबला गेलेल्या बाईचा पुढे त्याच माणसाकडून खून होण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो, हे इथल्या अभ्यासांनी दाखवलंय. अंगावर खूण दिसतेच असंही नाही. उत्तर ‘हो’ आलं की पीअरने स्वतः हुशारी करायची नाही, बाईला विचारून, तिथेच गाडी थांबवून ॲडव्होकेटला फोन लावायचा.

ॲडव्होकेट्सनाही माझ्याकडून ऐकावं लागतं. पुष्कळ शेल्टरांचा नियम असतो की नशेत असलेल्या बाईला घेता येणार नाही. मग ती जाणार कुठे? त्याच घरी. शेल्टरमध्ये लहान मुलं असतात, भीती खोटी नाही. पण कपाटाला कुलूप, भिंतीवर नालोक्सोन (नशेचा डोस जास्त झाला तर जीव वाचवणारं औषध) आणि रात्रपाळीला एक पीअर, एवढ्यावर पुष्कळ निभतं. साउथ डकोटात रोझबड या आदिवासी वस्तीतल्या बायकांनी १९७७ मध्ये संस्था काढली आणि १९८० मध्ये आदिवासी भूमीवरचं पहिलं शेल्टर उघडलं. त्यांनी परवानग्यांची वाट पाहिली असती तर ते अजून कागदावर असतं.

मारणारा बिगर-आदिवासी असेल तर गोष्ट वेगळ्याच वळणाला जाते. १९७८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की जमातीच्या कोर्टाला बाहेरच्या माणसावर फौजदारी खटला चालवता येत नाही. म्हणजे जमातीच्या जमिनीवर, जमातीच्या घरात, जमातीच्या बाईला मारलं, तरी जमातीचं कोर्ट हात बांधून बसणार. केंद्र सरकारचा वकील दूरच्या शहरात, आणि त्याच्या टेबलावर थोबाडीत मारल्याची केस सर्वांत खाली. २०१३ मध्ये कायदा बदलला आणि घरगुती हिंसेपुरता हा अधिकार परत मिळाला. तो सर्वांत आधी वापरू लागलेल्या तीन जमातींत आमच्याच राज्यातले, टूसॉनजवळचे पास्कुआ याकी होते. २०२२ मध्ये त्यात लैंगिक अत्याचार, मुलांवरची हिंसा, पाठलाग असे गुन्हे जोडले. पण हा अधिकार आपोआप मिळत नाही. ज्युरीत बाहेरची माणसं, गरीब आरोपीला फुकट वकील, सगळं जमातीने उभं करायचं. २०१६ च्या सरकारी अभ्यासानुसार शंभरातल्या ८४ आदिवासी स्त्रियांनी आयुष्यात कधी ना कधी हिंसा सोसलेली असते. ते कोष्टक मी नव्या पीअर्सना दाखवायचं बंद केलंय. समोर बसलेल्यांना आकडा नवा नसतो.

फिनिक्सला येऊन गेलेल्या मराठी मंडळींनी इंडियन स्कूल रोडवरून गाडी हाकलेली असणारच. ती शाळा खरी होती, १८९१ ते १९९०. सुरुवातीच्या काळात आदिवासी मुलांना घरापासून तोडून, केस कापून, भाषा विसरायला लावून तिथे वाढवलं. आमच्या रुग्णांच्या आज्या-पणज्या अशाच शाळांत वाढल्या. आई कशी जवळ घेते हे पाहण्याआधीच त्यांनी छडी पाहिली, आणि घरात पुढे काय उतरलं ते आम्ही ग्रुपमध्ये ऐकतो. ‘यांच्या रक्तातच दारू आहे’ असं आपले लोकही पार्टीत, हातात ग्लास धरून, बिनदिक्कत म्हणतात. टूसॉनच्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की बेसुमार पिण्याचं प्रमाण इथल्या आदिवासींत आणि गोऱ्यांत साधारण सारखंच आहे, उलट अजिबात न पिणारे आदिवासींत जास्त. फरक आहे तो दवाखाना, घर आणि नोकरी किती लांब आहे याचा.

आणि लुटारूंचा. २०२३ मध्ये उघडकीस आलं की फिनिक्स भागात व्यसनमुक्तीच्या नावाखाली भाड्याची घरं चालवून, आदिवासींना नाव्हाहो प्रदेशातून, अगदी मोंटानातूनही गाडीत घालून आणून, त्यांच्या नावावर राज्याच्या आरोग्य योजनेतून कोट्यवधी डॉलर्स उकळले जात होते. उपचार शून्य, काही घरांत उलट दारूच दिली जायची. राज्याने शेकडो संस्थांचे पैसे रोखले तेव्हा ती घरं रातोरात बंद झाली आणि माणसं रस्त्यावर आली. त्यानंतर केंद्रात येणारा प्रत्येक जण आधी आमच्याकडेच संशयाने बघतो. बरोबरच आहे त्याचं.

त्यामुळे गुपितं सांभाळणं हे आमच्याकडे कायद्यापलीकडचं काम झालंय. नवरा पुरुषांच्या ग्रुपमध्ये, बायको ॲडव्होकेटकडे, पीअर नवऱ्याचा मावसभाऊ, असा गुंता नेहमीचा. दोन्ही गटांची कागदपत्रं वेगळी, किल्ल्या वेगळ्या, माझ्याबरोबरच्या बैठकाही वेगळ्या. एकत्र बैठकीत नाव घ्यायचं नाही. नातं निघालं की पीअर स्वतः सांगून बाजूला होतो, का ते कोणी विचारत नाही. वस्तीत कोणी गेलं की चार दिवस केंद्र जवळजवळ बंद, कारण अर्धा स्टाफ घरचाच असतो. सुरुवातीला मी त्या आठवड्यातल्या बैठका पुढे ढकलायचे. आता डबे घेऊन तिकडेच जाते. फ्राय ब्रेड तळणाऱ्या बायकांमध्ये उभं राहिलं की पीअर्सचे हालहवाल जास्त नीट कळतात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ॲरिझोनासह चार राज्यांना पारंपरिक उपचारांचा खर्च मेडिकेडमधून द्यायची परवानगी मिळाली. इथे आनंद झाला आणि लगेच वादही. स्वेट लॉजमधल्या, म्हणजे तापवलेल्या दगडांच्या वाफेत बसून करायच्या, प्रार्थनेचं बिल कोणत्या कोडखाली लावायचं, यावर एका आजोबांनी बैठकीत जे विचारलं ते ब्लॉगवर लिहिण्यासारखं नाही. आमच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. विधीला सगळं कुटुंब येतं, मग प्रोटेक्शन ऑर्डर असलेल्या नवरा-बायकोने काय करायचं? ॲडव्होकेट्स म्हणतात, बाई येणार, तो नाही. पीअर्स म्हणतात, त्यालाच बाहेर ठेवलं तर तो बरा कसा होणार? आजोबांनी दोघांसाठी वेगळे दिवस सुचवलेत, पण तिचा दिवस कोणता हे त्याच्या बाजूच्या कुणालाही कळता कामा नये, आणि लाकडं फोडणारा पोरगा त्याचा पुतण्या आहे. लाकडं कोण फोडणार, हे अजून ठरायचंय.