मामा, तो रक्ताचा रिपोर्ट अजून मिळत नाही

फ्रँकफर्टमध्ये मी नक्की काय करते, यातलं लालबागला एवढंच पोचलंय की "ती हार्टच्या ब्लडटेस्टवर काम करते." त्यामुळे मामांना स्टेंट बसल्यापासून दर व्हिडिओ कॉलला एक प्रश्न ठरलेला. "माझं जाऊ दे गं, पण पोराचं आधीच कळेल असं काही आहे का तुमच्याकडे?" पोरगा पस्तिशीतला. सकाळची फास्ट लोकल, दिवसभर बीकेसी, रात्री साडेदहाला जेवण. प्रश्न रास्त आहे. भारतीयांना हृदयविकार युरोपीय लोकांपेक्षा बऱ्याच आधीच्या वयात गाठतो.

आमच्याकडे "काही" आहे ते म्हणजे मायक्रोआरएनए. साधारण २२ अक्षरांचे आरएनएचे तुकडे, कोणतं जनुक किती बोलेल यावर लगाम ठेवणारे. १९९३ साली अ‍ॅम्ब्रोस आणि रुव्कुन यांना पहिला सापडला तो एका सूक्ष्म कृमीत, आणि २०२४चं वैद्यकाचं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. रक्तात आरएनए फाडणारी विकरं भरपूर असतात, तरी हे तुकडे टिकतात; कारण ते प्रथिनांना चिकटून, एचडीएलवर ("चांगल्या" कोलेस्टेरॉलच्या कणांवर) बसून किंवा पेशींनी सोडलेल्या बारीक पुटिकांत (पिशव्यांत) लपून फिरतात. टिकतात म्हणजे मोजता येतात, आणि इथूनच सगळ्यांच्या आशा पालवल्या.

२०१० साली याच शहरातल्या गोएथे विद्यापीठाच्या गटाने दाखवलं की करोनरी आजार, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, असलेल्यांच्या रक्तात काही मायक्रोआरएनए ("मिर" हे त्यांचं आखूड नाव), म्हणजे मिर-१२६, मिर-१७, मिर-९२ए, मिर-१४५, मिर-१५५ निरोगी माणसांपेक्षा कमी असतात. मिर-१२६ रक्तवाहिनीच्या अस्तरात भरपूर असतो, त्यामुळे गोष्ट जुळतही होती. त्यानंतर जगभरातून निबंधांचा पूर आला. गंमत म्हणजे एकाची यादी दुसऱ्याशी धड जुळत नाही.

का, ते इथे येऊन हातमोजे घातल्यावर कळलं. निम्मं भांडण आजाराशी नसून नळीशी आहे. सुई टोचताना तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्यातला मिर-४५१ आणि मिर-१६ बाहेर सांडतो आणि आकडे बिघडतात. प्लाझ्मा, म्हणजे पेशी काढल्यावर उरलेला रक्ताचा द्रव, गवती पिवळा हवा. सोलकढीसारखा गुलाबी दिसला की नमुना बाद. रक्त गोठू नये म्हणून नळीत हेपॅरिन असेल तर पीसीआर, म्हणजे मोजणीची चाचणीच, अडखळते; म्हणून आम्ही त्याच कामाचं ईडीटीए असलेली नळी घेतो. रक्त ठरलेल्या वेळेत सेंट्रिफ्यूजमध्ये (गरगर फिरवून पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रात) जायलाच हवं. या बाबतीत इथले लोक इतके काटेकोर आहेत की सुरुवातीला मला ते जर्मन खडूसपणाच वाटायचं. आता मुंबईचं होम कलेक्शन आठवतं: सकाळी घराघरांतून नळ्या गोळा करून, बाइकच्या डब्यात घालून, परळच्या पुलावरच्या ट्रॅफिकमधून लॅबला. साखर-कोलेस्टेरॉलला चालतं. मायक्रोआरएनएला नाही.

त्याहून मोठा घोळ गोळ्यांचा. प्लाझ्मातला बराचसा मिर-१२६ प्लेटलेटमधून येतो, आणि अ‍ॅस्पिरिनसारख्या औषधांनी तो खाली जातो. म्हणजे उद्या मामांचा मिर-१२६ कमी आला, तर तो आजारामुळे की रोजच्या इकोस्प्रिनमुळे (तेही अ‍ॅस्पिरिनच)? हृदयरोगी बहुधा गोळ्या घेतच असतात, निरोगी माणूस घेत नसतो. तुलना तिथेच लंगडी पडते.

हृदयाच्या स्नायूतला मिर-२०८ए आणि मिर-४९९ झटक्यानंतर रक्तात वाढतात हे खरं. पण ते काम ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूतल्या प्रथिनाची रक्तचाचणी, झटपट करतं, आणि ते मुंबईतल्या कुठल्याही बऱ्या इस्पितळात होतं. माझं स्पष्ट मत, आणि ते मी लॅबमध्येही बोलून दाखवते: यातून रोजच्या वापराची चाचणी निघालीच तर ती एका मायक्रोआरएनएची नसेल. अनेकांचा मिळून संच असेल, आणि तो आपल्याकडच्या लोकांच्या रक्तावर पारखून घ्यावा लागेल.

तोवर एखाद्या पॅकेजमध्ये हे नाव दिसलं तर पैसे घालवू नका, असं मामांना सांगितलं. पोराचं बीपी, साखर, लिपिड प्रोफाइल बघा, आणि एकदा लायपोप्रोटीन(ए) ही कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या एका कणाची चाचणी करून घ्या. ते मुख्यतः आनुवंशिक असतं, म्हणून मोठेपणी एकदा मोजलं तरी बहुतेकांना पुरतं. मामींनी मागून विचारलं, "त्याला उपाशीपोटी जायचं का गं?" एवढ्या एका चाचणीसाठी गरज नाही. चहा घेऊन जाऊ दे.